पाण्यासाठी राखलेला डोंगर

दिवाळीच्या आधीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. पाऊस सरलेला असतो, आभाळ धुतल्यासारखे निळे असते, डोंगरावरचे गवत कमरेइतके वाढून पिवळट होऊ लागलेले असते. डोंगर चढायला वर्षात याच्याइतका चांगला काळ नाही. याच दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरच्या डोंगर तांबडे, शेंदरी आणि हळदीसारखे पिवळे होतात, आणि ते पाहायला हजारो लोक मोटारी घेऊन घराबाहेर पडतात. तसा मीही २०२२ च्या ऑक्टोबरात तिकडे जाऊन आलो. रंग पाहावेत एवढाच माझा हेतू होता. पण तिथल्या डोंगरांची हकीकत कळली तेव्हा ती आपल्या गावोगावच्या लोकांना, विशेषतः शिक्षकांना, सांगावी असे वाटले.

माझा धाकटा भाऊ बॉस्टन शहराजवळ राहतो. तेथून उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर न्यू हॅम्पशायर राज्यातले व्हाइट माउंटन्स, म्हणजे धवलगिरी म्हणावे असे डोंगर आहेत. हे राज्य केवढे? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपटीहूनही थोडे लहान. पण त्याच्या जमिनीचे पाचातले चार भाग आज जंगलाखाली आहेत. भावाला सोमवारची सुट्टी जोडून आली होती. त्याने साडेतीन दिवसांसाठी एक कॅम्पर भाड्याने घेतला आणि आम्ही दोघे नवराबायको, भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी असे पाचजण शुक्रवारी दुपारी निघालो.

कॅम्पर म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या टेम्पोएवढी मोटार, आत झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, छोटे शीतकपाट, मोरी आणि शौचकूप. घरच चाकांवर घातलेले. आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? दसरा झाला की आपल्याकडची ऊसतोडणीची कुटुंबे चूल-भांडी, पोरेबाळे घेऊन निघतातच की. धनगरांचे वाडेही घोड्यावर संसार लादून कोकणात उतरतात. खरे आहे. आपल्याकडचे लोक पोटासाठी निघतात आणि तिकडचे हौसेसाठी, एवढा फरक आहे. ही गोष्ट मी गाडीत बसल्यावरही विसरलो नव्हतो.

या गाडीने मला पहिला धडा दिला तो पाण्याचा. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी-तोंड धुतलेल्या सांडपाण्याची, तिसरी शौचाची. सांडपाणी वाटेत कुठेही, ओढ्यात तर मुळीच, सोडायचे नाही. ठरलेल्या ठिकाणी नेऊन ते रिकामे करायचे. पहिल्याच सकाळी मी घरच्या सवयीने नळ सोडून ठेवून दाढी केली. भाऊ टाकीचा काटा पाहून म्हणाला, "दादा, जरा बेतानं. पुढचा नळ उद्या संध्याकाळी आहे." लहानपणी विहिरीवरून खांद्यावर घागर वाहिलेला मी, आणि पाण्याचा हिशेब मला त्याने शिकवावा! मनात थोडा वरमलो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पाने रंग का बदलतात?

पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. सूर्यप्रकाश घेऊन अन्न तयार करण्याचे काम हे द्रव्य करते. ते सारखे झिजते आणि झाड ते सारखे नव्याने करीत असते. पानात पिवळ्या-नारिंगी रंगाची द्रव्येही असतात. त्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. गाजराचा रंग याच कुळातला. पण हिरवा रंग इतका गडद असतो की पिवळा त्याखाली झाकला जातो. शरदात दिवस लहान होऊ लागले, थंडी वाढू लागली की झाड हरितद्रव्य करणे थांबवते आणि पानातले नत्रासारखे मोलाचे पदार्थ परत खोडात ओढून घेते. हिरवा गेला की आत दडलेला पिवळा उघडा पडतो. बर्चची झाडे पिवळीधमक होतात ती अशी.

तांबड्याची गोष्ट निराळी आहे. तांबडा रंग आधीपासून पानात नसतो, तो बहुधा त्याच दिवसांत तयार होतो. त्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. देठाच्या बुडाशी बुचासारखा एक थर धरू लागतो, त्यामुळे पानात झालेली साखर खोडाकडे जाताना अडते आणि त्या साखरेपासून तांबडे द्रव्य बनते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठण्याइतका नाही, असे हवामान लाभले की मेपलची झाडे पेटल्यासारखी लाल होतात. शेवटी तो बुचाचा थर पुरा होतो आणि पान गळते. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, मुळांना पाणी मिळत नाही. पाने ठेवून झाडाला परवडत नाही. आपला साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकतो, त्याचेही कारण पाण्याची टंचाईच.

आणि हा तांबडा रंग आपल्याला काही परका नाही. आंब्याची, पिंपळाची, कुसुंबाची कोवळी पालवी कशी तांबूस असते! तेथेही हेच अँथोसायनिन. आपल्याकडे बऱ्याच झाडांची पाने जन्मताना तांबडी असतात, तिकडे ती मरताना तांबडी होतात.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. पालकाची पाने थोड्या स्पिरिटमध्ये वाटा, ते पाणी पेल्यात घ्या आणि टिपकागदाची एक पट्टी तिचे टोक बुडेल अशी उभी करा. जवळ दिवा किंवा शेगडी असता कामा नये, कारण स्पिरिट चटकन पेटते. काही वेळाने पट्टीवर हिरव्याच्या जोडीला पिवळा पट्टा निराळा झालेला दिसेल. पानात दडलेला पिवळा मुलांना असा डोळ्यांनी दाखवता येतो.

शनिवारी आम्ही लिंकन नावाच्या छोट्या गावापासून पहिली पायी सफर केली. पेमिगेवासेट नदीच्या पूर्वेकडच्या फाट्यावर एक झुलता पूल आहे. तो ओलांडला की जंगलात पायवाट लागते. डोंगरातली पायवाट म्हटली की चढउतार, वळणे, दगडधोंडे. पण ही वाट रूळ ठेवून आखल्यासारखी सरळ, सपाट आणि चांगली रुंद! थोडे पुढे गेल्यावर पायाखाली ठरावीक अंतरावर आडवी, कुजकी लाकडे लागू लागली. पुतणी त्यांवरून उड्या मारीत चालली होती. मी वाकून पाहिले तर ते आगगाडीच्या रुळांखालचे ओंडके, स्लीपर!

एवढ्या घनदाट जंगलात आगगाडी कशाला आली होती? जंगल वाहून न्यायला. या डोंगरांतली सरकारी जमीन १८६७ मध्ये राज्याने खाजगी लोकांना मातीमोल विकून टाकली. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी ती घेतली. पुढे १८९० नंतर या खोऱ्यात त्यांनी रूळ टाकले, वखारी उभ्या केल्या आणि स्प्रूस नावाची सदाहरित, सुईसारख्या पानांची झाडे उतारच्या उतार साफ करून तोडली. या मार्गावरून लाकडाची वाहतूक १९४८ पर्यंत चालू होती. त्या काळची छायाचित्रे पाहायला मिळतात. उभे एक झाड नाही, नुसती खुंटे, आणि खाली सुक्या फांद्यांचा खच. अशा सुक्या पसाऱ्यात इंजिनाची एक ठिणगी पडायचा अवकाश. १९०३ मध्ये आणि पुन्हा १९०७ मध्ये येथे मोठे वणवे लागले. काही ठिकाणी माती जळून खडक उघडे पडले.

म्हणजे ज्या लाल-पिवळ्या डोंगरापुढे उभे राहून आम्ही छायाचित्रे काढीत होतो, तो सव्वाशे वर्षांपूर्वी जळका आणि बोडका होता. इतकेच नव्हे, तर तोड आणि वणवे यांच्यानंतर मोकळ्या जागेवर बर्चसारखी झाडे आधी वर आली. डोंगरउतारावर पिवळ्या बर्चचा सलग पट्टा दिसला तर पुष्कळ वेळा तो जुन्या वणव्याचा माग असतो.

मग हे जंगल परत आले कसे? या प्रश्नाचे उत्तर या लेखात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ही डोंगरे ओसाड झाली तेव्हा अनेक लोक अस्वस्थ झाले. त्यांत पाहुण्यांवर चालणारे खानावळवाले होते, शिकलेल्या स्त्रियांची मंडळे होती, आणि १९०१ मध्ये जंगलरक्षणासाठी स्थापन झालेली एक संस्थाही होती. पण तिकडच्या लोकसभेचा त्या वेळचा अध्यक्ष जोसेफ कॅनन हा खमक्या माणूस. देखाव्यासाठी तिजोरीतला एक छदामही मिळणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. सौंदर्याच्या नावाने तेथे डाळ शिजेना.

तेव्हा गोष्ट पाण्यावर आली. याच डोंगरांतून निघालेले पाणी पेमिगेवासेट नदीतून मेरिमॅक नदीला मिळते, आणि मेरिमॅकच्या काठी मँचेस्टर, लोवेल, लॉरेन्स या गावांत मोठमोठ्या कापडगिरण्या होत्या. हे मँचेस्टर इंग्लंडातले नव्हे, न्यू हॅम्पशायरमधले. डोंगर बोडके झाल्यावर नदीला पूर येतो, गाळ येतो आणि इतर वेळी पाणी खालावते, हे गिरणीवाल्यांना आणि कामगारांना झोंबणारे होते. जॉन वीक्स हा लोकप्रतिनिधी निवडून आला होता शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून, पण त्याचा जन्म याच डोंगरांच्या परिसरातला. त्याने मांडलेला कायदा १ मार्च १९११ रोजी झाला. त्यात देखाव्यापेक्षा पाण्यावर भर होता. नौकानयनाला योग्य अशा नद्यांच्या उगमाकडची जमीन नद्यांच्या रक्षणासाठी सरकारने खाजगी मालकांकडून विकत घ्यावी, एवढे म्हटले होते. जबरदस्तीने नव्हे, मोबदला देऊन. १९१८ मध्ये त्या जमिनीचे राष्ट्रीय वन जाहीर झाले. आज ते साडेसात लाख एकरांहून मोठे आहे. लोक तेथे रंग पाहायला जातात, पण ते राखले गेले ते मुख्यतः पाण्याच्या नावाने.

येथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. झाडे लावली की पाणी वाढते, असे आपण फार सहज बोलतो. लिंकनच्या दक्षिणेला हबर्ड ब्रुक नावाचे एक प्रायोगिक जंगल १९५५ पासून आहे. तेथे शास्त्रज्ञांनी १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका लहान ओढ्याच्या पाणलोटातले सगळे जंगल तोडले आणि औषध फवारून पुढची तीन वर्षे काही उगवू दिले नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी घटले नाही, उलट सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले! कारण झाडेही पाणी पितात. पण त्या वाढलेल्या पाण्याबरोबर जमिनीतले नत्र आणि चुना फार मोठ्या प्रमाणात वाहून गेले. म्हणजे जंगल पाणी निर्माण करीत नाही. ते जमिनीचे सत्त्व धरून ठेवते, पावसाचा मारा अंगावर घेते, आणि पालापाचोळ्याच्या मऊ थरातून पाणी सावकाश मुरू देते. शेतकऱ्याला याहून अधिक समजावून सांगायची गरज नाही. बांध फुटलेल्या शेतातून माती गेली की काय होते, ते त्याला ठाऊकच आहे.

रविवारी आम्ही लिंकनहून कॉनवेकडे जाणारा कँकामॅगस रस्ता धरला. सतराव्या शतकातल्या एका मूळनिवासी प्रमुखाचे हे नाव. १९५९ मध्ये हा रस्ता आरपार खुला झाला. लांबी सुमारे पंचावन्न किलोमीटर, आणि या पंचावन्न किलोमीटरांत एक पेट्रोलपंप नाही, खाणावळ नाही, दुकान नाही. बहुतेक ठिकाणी दूरध्वनीही लागत नाही. मुद्दामच तसे ठेवले आहे. वाटेत थांबायला आखलेल्या जागा आहेत. मोटार तेथेच लावायची, रस्त्याच्या कडेला वाटेल तेथे नाही. सॅबडे नावाच्या धबधब्यापर्यंत पाव तासाची पायवाट आहे. पाणी खडकाच्या घळीतून पायऱ्यांसारखे उतरते. पाण्यावर लाल पाने तरंगत होती.

मुक्काम जंगलखात्याच्या तळावर केला. तेथे वीज नव्हती. नियम दोन-तीनच, पण कडक. खाण्याचे सामान गाडीबाहेर ठेवायचे नाही, कारण त्या रानात अस्वले आहेत. आणि शेकोटीची लाकडे परराज्यातून आणायची नाहीत, कारण लाकडातून कीड येते आणि जंगलच्या जंगल पोखरते. आम्ही जवळच्या वस्तीवरून जळण विकत घेतले होते. त्या रात्री, ९ ऑक्टोबरला, कोजागरी होती. भावजयीने आठवणीने दूध आणि मसाला आणला होता. अंगावर घोंगड्यासारखे जाड कपडे, समोर शेकोटी, आणि झाडांच्या शेंड्यांमागून वर आलेला चंद्र. पुतणीने विचारले, "काका, तुमच्या गावाला डोंगर आहे ना? तिथंही असंच असतं?" मी म्हणालो, "डोंगर आहे." पुढे काय सांगावे ते मला चटकन सुचले नाही.

सोमवारी उत्तरेकडे वळून क्रॉफर्ड खिंडीत आलो. येथे रस्त्याच्या कडेला विली कुटुंबाच्या घराची जागा आहे. खिंडीतून जाणाऱ्या वाटसरूंना उतरायला जागा देऊन हे कुटुंब राहत असे. १८२६ च्या उन्हाळ्यात एकदा दरड जवळच कोसळली, तेव्हा घाबरून त्यांनी आडोशासाठी एक निवारा बांधून ठेवला होता. त्या वर्षी कोरड पडली होती, आणि मग २८ ऑगस्टच्या रात्री मुसळधार पाऊस झाला. डोंगर सुटल्याचा आवाज ऐकून नवरा-बायको, पाच मुले आणि दोन गडी घराबाहेर धावले. घरामागे एक खडक होता. कोसळणारी दरड त्या खडकापाशी दुभंगली, घराच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि घर जसेच्या तसे राहिले. बाहेर पडलेले नऊच्या नऊ जीव गेले. तीन मुलांचे देह सापडलेच नाहीत.

तेथे उभा असताना मला माळीणची आठवण झाली. आंबेगाव तालुक्यातले ते गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. पुढे २०२१ मध्ये महाड तालुक्यातले तळीये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. येथेही नीट समजून घ्यायला हवे. विलींच्या डोंगरावर तेव्हा कोणी कुऱ्हाड चालवली नव्हती. तीव्र उतार, खाली खडक, वर मातीचा थर आणि त्यात एकाएकी भरलेले पाणी, एवढ्यावर दरड येते. झाडांची मुळे वरची माती बांधतात, पण प्रत्येक दरड थांबवतील अशी खात्री देत नाहीत. म्हणून जंगल राखावेच, पण भेगा पडलेल्या उताराखाली पावसाळ्यात झोपू नये. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे, ही लक्षणे गावातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत हवीत. अशी लक्षणे दिसली की पाऊस असतानाच घर सोडावे. दरडीचा आवाज येईपर्यंत थांबले तर पळायला वेळ राहत नाही.

त्याच खिंडीच्या माथ्यावरून माउंट विलर्ड नावाचा लहान डोंगर चढलो. जायला अडीच किलोमीटर, चढ बेताचा. माथ्यावरून खाली खिंड दिसते, ती इंग्रजी यू अक्षरासारखी, गोल बुडाची. आपल्या सह्याद्रीतल्या नदीने कापलेल्या दऱ्या व्ही अक्षरासारख्या निमुळत्या असतात. ही दरी हिमयुगात बर्फाच्या नदीने किसून काढलेली आहे. फळ्यावर ही दोन अक्षरे काढून मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो, पण पाहिली त्या दिवशी.

खरे तर मला माउंट वॉशिंग्टन चढायचा होता. तो त्या भागातला सर्वांत उंच डोंगर, १,९१७ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हटले, कळसूबाई तीनदा चढलेला माणूस मी, पावणेतीनशे मीटर जास्त म्हणजे काय मोठेसे! भाऊ म्हणाला, "दादा, उंचीवर जाऊ नका. इथं वाऱ्याचं राज्य आहे." त्याचे खरे होते. या शिखरावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. बासष्ट वर्षे जगात तो विक्रम टिकला, मग १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या एका चक्रीवादळात मोडला. चौदाशे मीटरच्या आसपास झाडे संपतात आणि आडोसा उरत नाही. तेथे जंगलखात्याची पिवळी पाटी असते : पुढचे हवामान देशात सर्वांत वाईट आहे, उन्हाळ्यातही गारठून माणसे मेली आहेत, हवा बिघडली असेल तर येथूनच मागे फिरा. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्या डोंगररांगेत दीडशेहून अधिक माणसे दगावली आहेत. माझ्या पायांत साधे बूट होते, अंगावर एक स्वेटर होता, आणि ऑक्टोबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. पायथ्यावरून शिखराला नमस्कार केला आणि मागे फिरलो. आपल्याकडेही मुलांना गडावर नेणाऱ्या शिक्षकांनी ही सवय लावून घ्यावी. परतायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि शिखर गाठले नसले तरी ती पाळावी.

परतीच्या वाटेवर फ्रँकोनिया खिंडीत शेवटचा थांबा घेतला. इंग्रजीच्या शिक्षकांना नॅथॅनियल हॉथॉर्नची दगडी चेहऱ्याची कथा ठाऊक असेल. ती याच खिंडीतल्या 'डोंगरातल्या म्हाताऱ्या'वरून सुचलेली. तळ्यापासून साडेतीनशे मीटर उंच कड्यावर ग्रॅनाइटच्या पाच शिळा अशा पुढे आल्या होत्या की बाजूने पाहिले तर कपाळ, नाक, हनुवटी असलेला बारा मीटर उंचीचा चेहरा दिसे. राज्याचे हे बोधचिन्ह. भेगांत पाणी शिरे, गोठून फुगे आणि शिळा सुट्या करी. म्हणून १९१६ पासून लोकांनी तो लोखंडी सळ्यांनी, साखळ्यांनी आवळून धरला होता. वर्षानुवर्षे माणसे दोर लावून चेहऱ्यावर उतरत आणि भेगा बुजवीत. तरी ३ मे २००३ च्या पहाटेपूर्वी, कोणी पाहत नसताना, तो कोसळला. आम्ही वर पाहिले तर नुसता कडा. मोटारींच्या पाट्यांवर मात्र तो चेहरा अजून आहे.

गाडीत बसल्यावर मी विचार करीत होतो. ज्या दगडाला माणसांनी सत्त्याऐंशी वर्षे सळ्यांनी धरून ठेवले तो राहिला नाही. आणि जे जंगल लोकांनी तोडून जाळून टाकले होते, ते तोड थांबवल्यावर एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात उभे राहिले. दगड परत उगवत नाही, पण जंगलाची मुळे आणि बी जमिनीत शिल्लक असतील तर ते उगवते.

दिवाळीनंतर मी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या माझ्या गावी गेलो. वडिलांना घेऊन घरामागच्या डोंगरावर चढलो. वडील ऐंशीच्या घरातले. एका खडकापाशी ते थांबले आणि काठीने दाखवीत म्हणाले, "इथं झरा होता. मार्गशीर्षापर्यंत वाहायचा." मी विचारले, "इथली झाडं कुणी तोडली?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही आपल्याच मालकीची. तू एम्.ए.ला होतास, त्या साली कोळशाच्या ठेकेदाराला दिली. तुझी फी भरायची होती." मी शाळा-कॉलेजांत झाडांवर भाषणे देत आलो होतो, आणि माझ्या पदवीचा खर्च त्या खुंटांनी केला होता.

वडिलांना मी काय म्हणणार? त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. न्यू हॅम्पशायरमध्ये जमीन घेताना मालकाला मोबदला मिळाला, हे म्हणूनच मला फार मोलाचे वाटते. उपाशी माणसाला नुसते 'झाड तोडू नको' सांगून भागत नाही. आपल्याकडेही लोकांनी एकत्र बसून वाट काढल्याची उदाहरणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली, पाण्याचा हिशेब गावसभेत मांडला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दोन्हीकडे डोंगर राखणाऱ्यांना त्याचा लाभ मिळाला, म्हणून तो राखला गेला.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. प्रत्येक उघडा माळ म्हणजे तोडलेले जंगल नव्हे. कासच्या पठारासारखे कातळसडे मुळातच झाडांवाचूनचे असतात. तेथली छोटी फुलझाडे हेच त्यांचे वैभव. तेथे खड्डे खणून रोपे लावू नयेत. आधी डोंगराची हकीकत विचारावी, मग हात घालावा.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या शरदात मुलांना घेऊन गावचाच डोंगर चढा. कॅम्परची गरज नाही, भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या पुरेत. गावातला एखादा म्हातारा माणूस, एखादी आजी बरोबर घ्या. येथे पूर्वी काय होते, कोणी तोडले, का तोडले, झरा कोठे होता, दरड कधी आली होती, हे मुलांना विचारू द्या आणि वहीत तारखेसह लिहू द्या. ती वही शाळेत जपून ठेवा.

आमच्या त्या उतारावर गावकीशी बोलून आम्ही गुरे सोडणे बंद केले आणि वणव्याच्या दिवसांआधी दरवर्षी जाळपट्टा काढतो. त्यानंतर तीन पावसाळे झाले. ऐनाच्या आणि किंजळाच्या जुन्या खुंटांना फुटवे आले आहेत, ते आता माझ्या खांद्याला लागतात. झरा अजून आलेला नाही. वडील मात्र दर दिवाळीत काठी टेकीत वर जातात आणि त्या खडकाला हात लावून पाहतात.